आनुवंशिक भेदांची मोजदाद

जगातील रक्तपेढ्यांत मुंबई शहराचे नाव एका विशेष कारणाने घेतले जाते, हे पुष्कळ मुंबईकरांस ठाऊक नसते. १९५२ साली भेंडे, देशपांडे व भाटिया या मुंबईच्या संशोधकांनी आपल्या इंग्रज सहकाऱ्यांसमवेत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईतील काही व्यक्तींचे रक्त नेहमीच्या रीतीने तपासले असता ते 'ओ' गटाचे दिसे. परंतु 'ओ' गटाचेच दुसरे रक्त त्याच्याशी मिळवून पाहिले की दोन्ही जुळत नसत व रक्तकणांच्या गुठळ्या होत. 'ए', 'बी' व 'ओ' या सर्व गटांच्या पायाशी 'एच' नावाचा जो पदार्थ रक्तकणांवर असतो, तोच या व्यक्तींच्या ठायी नव्हता. या प्रकारास पुढे 'बॉम्बे रक्तगट' हे नाव पडले. अशा माणसास रक्त द्यावयाची वेळ आली, तर ते त्याच गटाच्या दुसऱ्या माणसाचेच असावे लागते. अन्य कोणतेही रक्त त्याच्या जिवावर बेतते. भारतात अशा व्यक्तींचे प्रमाण साधारणतः दहा हजारांत एक इतके मानतात. युरोपात ते त्याहून कितीतरी कमी आहे.

येथे एक साधा प्रश्न उद्भवतो. दहा हजारांत एक हा आकडा आला कोठून? सगळ्या देशाचे रक्त तर कोणी तपासले नाही. शिवाय हे प्रमाण सर्व प्रांतांत व सर्व समाजांत सारखेच आहे, असे तरी कशावरून म्हणावे? शिरगणतीचा कारकून घरोघर जाऊन माणसे मोजतो. पण माणसाच्या अंगी असलेले आणि बहुधा त्याचे त्यालाही ठाऊक नसलेले भेद मोजावयाचे, तर ते काम कोणत्या रीतीने होते, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण या मोजदादीवर पुष्कळांचे औषधपाणी अवलंबून असते. आणि ती चुकीच्या हाती किंवा चुकीच्या अर्थाने गेली म्हणजे काय होते, याचाही अनुभव गेल्या शतकात जगाने घेतला आहे.

प्रथम भेद म्हणजे काय ते पाहू. मनुष्याच्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनए या द्रव्याच्या रूपाने एक लेख साठविलेला असतो. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची; पण लेखाची लांबी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. या संपूर्ण लेखास 'जीनोम' म्हणतात. त्याची एक प्रत आईकडून येते व एक बापाकडून. कोणत्याही दोन माणसांचे लेख ताडून पाहिले, तर साधारणतः हजार अक्षरांमागे एखादेच अक्षर निराळे निघते. म्हणजे साम्य फार मोठे व भेद अल्प. परंतु तीनशे कोटींचा हजारावा हिस्सा तीस लाखांचा होतो, हेही विसरता येत नाही. यांतील बहुसंख्य भेद निरुपद्रवी असतात. काहींमुळे केसांचा वा डोळ्यांचा रंग ठरतो. काहींमुळे एखादे औषध लागू पडत नाही. आणि थोड्यांमुळे रोग होतो.

आता एखाद्या भेदाचे समाजातील प्रमाण कसे काढावयाचे? यासाठी लागणारे गणित १९०८ साली दोघांनी स्वतंत्रपणे मांडले: एक जर्मन वैद्य वाइनबर्ग आणि दुसरे केंब्रिजचे गणिती हार्डी, जे पुढे श्रीनिवास रामानुजनांचे आश्रयदाते म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध झाले. गणित शाळकरी मुलासही समजेल इतके सोपे आहे. समजा, एखाद्या समाजातील एकंदर प्रतींपैकी शंभरांत एक प्रत सदोष आहे. मुलास आईकडून सदोष प्रत मिळण्याचा संभव शंभरांत एक, बापाकडूनही तितकाच. तेव्हा दोन्हीकडून सदोष प्रत मिळण्याचा संभव शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारांत एक. बॉम्बे रक्तगटाचा संभव साधारण हाच आहे. परंतु याच हिशेबाने ज्यांच्या ठायी एकच सदोष प्रत आहे, अशी माणसे शंभरांत जवळजवळ दोन निघतात. त्यांना काहीही त्रास होत नाही व त्यांच्या रक्ताच्या नेहमीच्या परीक्षेत काही आढळतही नाही. दहा हजारांतील एक जण डोळ्यांसमोर येतो; त्याच्यामागे जवळपास दोनशे जण अदृश्य असतात.

या गणितास मात्र एक अट आहे. समाजातील विवाह जनुकांच्या दृष्टीने सरमिसळ झालेले असावेत, ही ती अट होय. भारतासारख्या देशात ही अट पाळली जात नाही, हे कोणास सांगावयास नको. येथे सोयरीक पाहताना पोटजात पाहिली जाते, कित्येक समाजांत मामाची मुलगी वा आत्याचा मुलगा हाच प्रथम पसंतीचा असतो. याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या एकाच वर्तुळात विवाह होत गेले, म्हणजे देशभर दुर्मिळ असलेला एखादा भेद त्या वर्तुळात विपुल होऊ शकतो, आणि शेजारच्या वर्तुळात त्याचा मागमूसही नसतो. अशा दोन वर्तुळांची माणसे एकत्र मोजून सरासरी काढली, तर एका ठिकाणचे वीस टक्के व दुसऱ्या ठिकाणचे शून्य मिळून दहा टक्के हा जो आकडा निघेल, तो दोहोंपैकी कोणाच्याही बाबतीत खरा असणार नाही. म्हणून या शास्त्रातील पहिली आणि सर्वांत अवघड पायरी प्रयोगशाळेत नसून तिच्या बाहेर आहे: कोणाला मोजावयाचे हे ठरविणे.

या पायरीचे महत्त्व कळण्यास या प्रकारच्या पहिल्या मोठ्या मोजदादीचीच हकीकत पुरेशी आहे. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधील सालोनिका बंदराच्या आसपास दोस्त राष्ट्रांच्या फौजा तळ देऊन होत्या. इंग्रज, फ्रेंच, सर्बियन, रशियन, आफ्रिकेतील व भारतातील शिपाई एकाच जागी आलेले. तेथे सर्बियन सैन्याबरोबर असलेले पोलिश वैद्य लुडविक हिर्झफेल्ड व त्यांच्या पत्नी हान्का यांनी या संधीचा लाभ घेऊन हजारो सैनिकांचे रक्तगट तपासले आणि १९१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजांत 'बी' गटाचे लोक शेकडा सुमारे ७ निघाले, तर भारतीयांत सुमारे ४१. आकडे थक्क करणारे होते, आणि मोजणीही प्रामाणिक होती. परंतु तेवढ्यावरून या दांपत्याने असे अनुमान बांधले की, मानवजातीची मुळे दोन असावीत, आणि त्यांपैकी 'बी' गटाचे मूळ भारतात असावे. हे अनुमान पुढे टिकले नाही. 'ए' व 'बी' हे दोन्ही गट जगातील बहुतेक समाजांत कमीअधिक प्रमाणात आढळतात. इतकेच नव्हे तर वानरवर्गातील प्राण्यांतही हे भेद आहेत, म्हणजे ते मानवजातीहूनही जुने आहेत. शिवाय 'भारतीय' या एका रकान्यात कोणकोणत्या प्रांतांचे व समाजांचे शिपाई एकत्र पडले होते, हा प्रश्न होताच.

चुकीचे अनुमान शास्त्रात नवे नाही. ते दुरुस्तही होते. परंतु या अनुमानाच्या पाठोपाठ जर्मनीत काही मंडळींनी रक्तगटांवरून वंशांची प्रतवारी लावण्याचा उद्योग आरंभिला. ज्या हिर्झफेल्डांनी ही मोजणी प्रथम केली, ते स्वतः ज्यू कुळातले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना वॉर्सा येथील ज्यूंच्या कोंडवाड्यात नेऊन ठेविले. तेथेही त्यांनी रोग्यांची सेवा व वैद्यकीचे अध्यापन चालविले आणि १९४३ साली तेथून निसटून ते वाचले. आकड्यांना स्वतःची जीभ नसते. त्यांच्या तोंडी कोणी काय घालावे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

भारतात हा विषय प्रथम मोजपट्टीच्या वाटेने आला. १९२० साली नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांची व तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गाठ पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे ॲनंडेल यांच्यापाशी होती. त्यांचा अर्थ लावण्याचे काम महालनोबिसांकडे आले. दोन समाज एकमेकांपासून किती दूर आहेत, हे अनेक मापांवरून एकदम कसे ठरवावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. उंच माणसाचे हातही लांब असावयाचे. तेव्हा उंची व हाताची लांबी हे दोन पुरावे वेगवेगळे धरले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. हा दोष टाळणारे 'अंतर' महालनोबिसांनी शोधून काढले व १९३६ साली त्याचे पूर्ण रूप प्रसिद्ध केले. आज जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून डॉ. इरावती कर्वे यांनी हीच मापे घेत गावोगाव प्रवास केला. १९६८ साली कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ विवाहबद्ध गटांची तुलना प्रसिद्ध केली. बाहेरून पाहणारास हे आठही गट एकाच जातीचे दिसतात. परंतु मापे व रक्तगट यांवरून पाहता त्यांच्यात लक्षात घेण्याजोगे भेद निघाले. जातीचे मोठे नाव एक असले म्हणून आतील माणसांचा वंशवृक्ष एक असतो असे नव्हे. मुली देण्याघेण्याचे लहान वर्तुळ हेच मोजणीचे खरे परिमाण होय, हा त्यातील बोध पुढील संशोधकांस फार उपयोगी पडला.

मोजपट्टी व रक्तगट यांच्या जागी डीएनएचा लेखच वाचण्याची सोय झाल्यावर हे काम नव्याने सुरू झाले. २०२० साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 'जीनोम इंडिया' ही योजना हाती घेतली. बंगळूर, हैदराबाद, कल्याणी इत्यादी ठिकाणच्या वीस संस्था तीत सहभागी झाल्या. देशभरातून सुमारे वीस हजार व्यक्तींचे रक्त गोळा करण्यात आले, व त्यांतून ऐंशीहून अधिक समाजांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जीनोम वाचण्यात आले. समाज निवडताना आदिवासी व बिगर-आदिवासी आणि देशातील निरनिराळ्या भाषाकुलांचे लोक यावेत, अशी काळजी घेण्यात आली. ही सर्व सामग्री फरिदाबाद येथील केंद्रात ठेवली असून २०२५ च्या जानेवारीत ती संशोधकांसाठी खुली केल्याचे जाहीर झाले.

प्रत्येक समाजातून किती माणसे घ्यावीत, हा त्रैराशिकाचा नव्हे, तर संभवाचा प्रश्न आहे. शंभरांत एकाच्या अंगी असणारा भेद शोधावयाचा असून शंभरच माणसे तपासली, तर तो एकदाही हाती न लागण्याचा संभव शेकडा सुमारे ३७ असतो. तीनशे माणसे तपासली, तर तोच संभव शेकडा ५ वर येतो. म्हणून आढळला नाही याचा अर्थ तो नाहीच, असा करता येत नाही. त्याचप्रमाणे एकाच घरातील भाऊ, बहीण व चुलते मोजले तर एकच प्रत पुनःपुन्हा मोजल्यासारखे होते. यासाठी प्रमाण काढताना निकटचे नातेवाईक वगळतात.

रक्त मिळाल्यावर त्यातील पांढऱ्या पेशींतून डीएनए निराळे काढतात. सबंध लेख एका दमात वाचणारे यंत्र सरसकट वापरात नाही; म्हणून त्याचे बारीक तुकडे करून यंत्र एका वेळी दीडशेच्या आसपास अक्षरे वाचते. एखाद्या ग्रंथाच्या तीस प्रती फाडून त्यांचे चिटोरे एकत्र कालवावेत आणि मग मूळ ग्रंथ समोर ठेवून प्रत्येक चिटोरा आपल्या जागी लावावा, तशातला हा प्रकार आहे. प्रत्येक अक्षर साधारणतः तीसेक वेळा वाचले जात असल्यामुळे यंत्राची चूक कोणती व माणसातील खरा भेद कोणता, हे ओळखता येते. येथे जो मूळ ग्रंथ प्रमाण म्हणून समोर ठेवतात, तो थोड्याशाच व्यक्तींच्या डीएनएवरून सिद्ध झालेला आहे. त्याच्याहून निराळे ते सदोष, असे मुळीच नव्हे. ते केवळ निराळे असते.

यानंतर तुलना येते. कोणता भेद कोणत्या समाजात किती, याची कोष्टके करतात व त्यांवरून समाजांतील अंतर काढतात. परंतु नुसत्या प्रमाणाहून अधिक माहिती लेखातील सलग भागांच्या लांबीवरून मिळते. तांबड्या पाठीचा व निळ्या पाठीचा असे पत्त्यांचे दोन जोड एकावर एक ठेवून पिसले, तर पहिल्या पिसण्यानंतर एकाच रंगाचे जाड थर शिल्लक राहतात. जसजसे पिसत जावे तसतसे थर पातळ होतात. दर पिढीस निसर्ग डीएनएचे असेच पत्ते पिसत असतो. तेव्हा थर किती पातळ झाले आहेत हे पाहून दोन समाजांची सरमिसळ किती पिढ्यांपूर्वी झाली, याचा अंदाज करता येतो. हैदराबाद व अमेरिका येथील संशोधकांनी २०१३ साली या रीतीने असे दाखविले की, भारतातील बहुतेक सर्व समाज निदान दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले असून ते मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले. विवाहाची वर्तुळे बंद झाली ती त्यानंतर. जे आज एकमेकांशी सोयरीक करीत नाहीत, त्यांचेही पूर्वज एके काळी करीत होते.

वर्तुळे बंद झाल्याचा परिणाम काय झाला, हे २०१७ साली आणखी स्पष्ट झाले. दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक गट तपासले असता त्यांपैकी ८१ गट असे निघाले की, त्यांचे मूळ फार थोड्या पूर्वजांत आहे. फिनलंडचे लोक याबाबतीत जगात प्रसिद्ध, पण हे गट त्यांच्याही पुढे होते. अशा गटांत दोन्हीकडून एकच सदोष प्रत मिळण्याचा संभव वाढतो. आर्य वैश्य समाजाचे उदाहरण वैद्यकात ठाऊक झालेले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पाडण्यासाठी सक्सिनिलकोलीन नावाचे औषध टोचतात. रक्तातील एक द्रव्य त्याचा काही मिनिटांत निकाल लावते. या समाजातील काही व्यक्तींच्या ठायी ते द्रव्य जन्मतःच अपुरे असते, व मग श्वासाचे स्नायू तासन्‌तास सैल राहतात. भूल देणाऱ्या वैद्यास हे आधी कळले तर तो दुसरे औषध योजतो अथवा यंत्राने श्वास चालू ठेवतो. न कळले तर प्राणावर बेतू शकते. तद्वतच हृदयाच्या स्नायूंशी संबंध असलेला एक भेद २००९ साली प्रसिद्ध झाला. तो भारतीय उपखंडात शेकडा सुमारे ४ जणांत आढळतो, व उतारवयात हृदयविकाराचा धोका वाढवितो. जगातील आनुवंशिक संशोधनात भाग घेतलेले लोक बहुतांश युरोपीय वंशाचे असल्यामुळे, असे भेद येथील मोजदाद येथेच केल्यावाचून उमगले नसते.

इतके वाचून कोणी असे म्हणेल की, मग समाजासमाजांत मूलतःच अंतर आहे, हे सिद्ध झाले. नेमके याच ठिकाणी सावध राहावयास हवे. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जगभरच्या लोकांचे रक्तगट व रक्तातील प्रथिने यांचा हिशेब मांडला. एकंदर आनुवंशिक विविधतेपैकी शेकडा सुमारे ८५ हिस्सा कोणत्याही एका समाजाच्या आतच सापडतो, असे त्यातून निघाले. समाजासमाजांतील भेदाच्या वाट्यास थोडाच येतो. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही या निष्कर्षास बळकटी आणली. आळीतील दोन शेजारी एकमेकांपासून जितके भिन्न, त्याच्यात दूरदेशीचा मनुष्य थोडीशीच भर घालतो. तेव्हा समाजाचे प्रमाण वैद्यास कोणती शंका घ्यावी हे सांगते. समोरच्या व्यक्तीचा निकाल तिच्या स्वतःच्या रक्ताच्या परीक्षेनेच लागतो. आर्य वैश्य समाजातही बहुसंख्यांस त्या औषधाची बाधा होत नाही, आणि त्या समाजाबाहेरच्यास ती होणारच नाही असेही नाही.

दुसरी सावधगिरी संमतीची. रक्त एकाचे असले तरी माहिती गोत्याची असते. बापाच्या लेखातून मुलीचा अर्धा लेख वाचता येतो. आइसलंड या लहानशा बेटावर १९९८ साली कायदा होऊन सर्व नागरिकांच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र करण्याचे ठरले, व जो स्पष्ट नकार देणार नाही त्याची संमती आहेच असे धरण्यात आले. आपल्या मृत पित्याची माहिती त्या संग्रहात जाऊ नये, म्हणून एका मुलीने न्यायालयात दाद मागितली. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पित्याच्या माहितीवरून मुलीविषयी अनुमान काढता येते, तेव्हा हरकत घेण्याचा तिचा अधिकार मान्य करण्यात आला. तो संग्रह पुढे झालाच नाही. भारतात तर लिहितावाचता न येणारी, सरकारी माणसास नाही म्हणण्याची सवय नसलेली माणसेही रक्त देतात. त्यांना त्यांच्या भाषेत हेतू समजावून सांगणे व त्यांचा नकार मानणे, हा मोजदादीचाच एक भाग समजला पाहिजे.

'राष्ट्राचे रक्त' असा शब्दप्रयोग सभांतून अनेकदा कानी पडतो. शास्त्रज्ञाच्या कोष्टकात असे एकच एक रक्त सापडत नाही. तेथे हजारो विवाहवर्तुळे आहेत, जुन्या सरमिसळीच्या खुणा आहेत, आणि एकाच वर्तुळात शेजारी शेजारी बसलेल्या माणसांतील पुष्कळ भेद आहेत. राष्ट्र हे नाव या मोजदादीत मुख्यतः खर्च कोणी करावा व फळ कोणास मिळावे, हे ठरविण्याच्या कामी येते. मुंबईच्या रुग्णालयात बॉम्बे रक्तगटाचा रोगी आला, तर त्याच गटाचा दाता कोठे राहतो याची नोंद आधीच झालेली असणे, हे ते फळ होय. आज अशा दात्यांच्या याद्या ठेवल्या जातात, आणि प्रसंगी एका शहरातून दुसऱ्या शहरात त्यांचे रक्त पोहोचविले जाते. ज्यांचे रक्त नेहमीच्या परीक्षेत 'ओ' गटाचे म्हणून लिहिले गेले आहे, त्यांची 'एच' द्रव्यासाठी एकदा अधिक तपासणी झाली, तर या याद्यांत आणखी काही नावांची भर पडू शकेल.